मोकळं विरजण

तीन नंबरच्या टाकीतल्या जिवाणूंची तब्येत ठणठणीत होती, आणि नेमकी हीच गोष्ट डॉ. पद्मजा बिरनाळेला सकाळपासून छळत होती. पेशींची संख्या नेहमीच्या दीडपट भरत होती. टाकलेली साखर पेशी दुपारच्या आत फस्त करत होत्या. टाकीच्या वरच्या रुळावर मात्र जे चकचकीत सूत अखंड गुंडाळलं जायला हवं, ते तुटक तुटक येत होतं आणि मधेच दिसेनासं होत होतं.

"पोरं बाळसेदार झालीत मॅडम, कामाला मात्र हात लावत नाहीत," इरफान मोमीन म्हणाला. नेजकर जैवसूत कंपनीच्या प्रयोगशाळेत पद्मजानंतर त्याचाच शब्द चाले. घराणं विणकराचं, डॉक्टरेट सूक्ष्मजीवशास्त्रातली, आणि जिभेला काटा.

"एक नंबरच्या टाकीचं काय?"

"तेच. चारचं तेच. पाच जरा बरी आहे, पण ती नवीन आहे."

पद्मजानं चष्मा काढून डोळे चोळले. पुढच्या सोमवारी कंपनीत पैसा घालणारे लाहोटीशेठ करारावर सह्या करायला येणार होते. त्या सह्यांवर कंपनीचं भवितव्य होतं आणि कंपनीच्या भवितव्यावर अर्ध्या इचलकरंजीचं. हे काही भाषणात म्हणायचं वाक्य नव्हे. गावातल्या शेकडो मागवाल्यांनी तिच्या एका शब्दावर आपापल्या शेडमध्ये टाक्या बसवल्या होत्या, आणि त्यात तिचा सख्खा धाकटा भाऊ भरतेशही होता. टाकीत सूत नाही म्हणजे मागावर धागा नाही, आणि माग थांबला की त्या घरात काय होतं ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आता हे सूत काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. कोळ्याच्या जाळ्याचा धागा पोलादाहून चिवट असतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण कोळी पाळता येत नाहीत. एकत्र ठेवले की एकमेकांना खातात. म्हणून त्या धाग्याची जनुकं एका जिवाणूत बसवली आणि जिवाणू टाकीत वाढवले. टाकीतलं पाणी समुद्राहून खारट आणि हात पोळेल इतकं कढत, त्यामुळे त्यात दुसरं काही जगतच नाही. यातली खरी मेख हीच होती. औषधाच्या कारखान्यासारखी बंदिस्त, निर्जंतुक खोली लागत नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये, मागाच्या शेजारीसुद्धा टाकी चालायची. जखमेवरच्या पट्ट्यांपासून जहाजाच्या दोरांपर्यंत सगळं या कोळीसुताचं होऊ लागलं, आणि साध्या कापडात कधीचं दिवाळं निघालेलं गाव पुन्हा खटखटू लागलं.

हे जिवाणू बनवले होते पूर्वसागर व्यापारसंघानं. संघात अकरा देश होते, त्यात आपलाही. संघाची बीजपेढी कोलंबोला होती. तिथून दर पंधरवड्याला मूळ बीजाच्या थंडगार मातृकुप्या यायच्या आणि प्रत्येक टाकी दर खेपेला नव्या कुपीनं सुरू करायची, असा नियम होता. वर या जिवाणूंना एक दावं बांधलेलं होतं. संजीवक नावाचं एक रसायन, जे निसर्गात कुठंच सापडत नाही आणि फक्त संघातच बनतं, ते मिळालं नाही तर पेशी मरायच्या. कुपी त्यांची, संजीवकही त्यांचंच, आणि दोन्हींचे भाव तेच ठरवणार. गावात चहाच्या गाड्यावर लोक म्हणायचे, गाय आपली, वैरण आपली, दूध आपलं, पण दावं सोडायला दर वेळी कोलंबोला विचारायचं.

या रागाला पुढाऱ्यांनी फुंकर घातली आणि देश संघातून बाहेर पडला. सरकारी कागदात त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. लोक त्याला फारकत म्हणत. फारकतीच्या दुसऱ्याच आठवड्यात बाजार कोसळला. नेजकरांच्या कंपनीत निम्मी भागी असलेली परदेशी कंपनी आपला वाटा मिळेल त्या भावाला विकून निघून गेली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. कालपर्यंत कर्ज घ्या म्हणून मागे लागणाऱ्या बँका फोन उचलेनात. कुप्या थांबल्या, संजीवक थांबलं, टाक्या मेल्या. संघातून तयार सूत आणावं तर त्यावर आता जबर जकात. माग बंद पडले.

आणि तेव्हा पद्मजानं दावं तोडलं. आठ महिने खपून तिनं जिवाणूंमध्ये असा बदल घडवला की त्यांना संजीवक लागेचना. एका सकाळी नुसत्या साखरेवर आणि मिठावर टाकी सुरू झाली, रुळावर सूत चढलं, आणि कंपनीचे मालक अण्णा नेजकर तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. पंचाहत्तरीचा तो माणूस आपल्या पाया पडतो की काय, या भीतीनं ती मागे सरली होती.

"एक सांग," ती आता इरफानला म्हणाली, "तीन नंबरमधली एकेक पेशी वेगळी करून वाढवलीस तर किती सूत काढतील?"

इरफान गालात हसला. त्यानं मागच्या टेबलावरची काचेची तबकडी आणून तिच्यापुढे ठेवली. म्हणजे त्यानं ते आधीच करून ठेवलं होतं. तबकडीवर पेशींचे बारके ठिपके उगवले होते, प्रत्येक ठिपका एकाच पेशीचा वंश. सूत काढणारे ठिपके उजेडात रेशमासारखे चमकतात. या तबकडीवर शंभरात जेमतेम पंधरा चमकत होते; बाकीचे खडूसारखे पांढरे.

"हे पांढरे कोण?" त्यानं विचारलं. "बाहेरचे असतील असं वाटलं मला. पण जनुकं तपासली. आपलेच आहेत. फक्त सुताचं जनुक मोडलंय."

पद्मजा खुर्चीत बसली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

"इरफान, सूत काढायला पेशीला किती खर्च येतो?"

"खाल्लेल्याच्या दोन पंचमांश तरी."

"आणि त्या सुताचा तिला स्वतःला काय उपयोग?"

"काहीच नाही. उपयोग आपल्याला."

"मग लाखात एखाद्या पेशीत ते जनुक अपघातानं मोडलं, तर ती काय करेल?"

"ऐतखाऊ होईल," इरफान म्हणाला आणि थांबला. "खाईल सगळं, देणार काही नाही. वाचलेल्या ताकदीवर भराभर वाढेल. पण मॅडम, हे तर आधीही होत असणार. संघाच्या वेळी असं कधी झालं नाही."

"कारण दावं होतं." ती उठून फळ्याकडे गेली. "संजीवक पेशीच्या आत घ्यायचं दार आणि सूत कातायचं यंत्र, दोन्ही त्यांनी एकाच जनुकात गुंफलं होतं. मी दावं तोडलं तेव्हा ती गुंफण मला दिसली होती. मला वाटलं, चोरी होऊ नये म्हणून केलीय. कुणी सुताचं जनुक बदलून आपलं म्हणून विकू नये म्हणून. ते कुलूप नव्हतंच रे. जी पेशी सूत कातायचं सोडेल तिचं दार बंद होईल आणि ती उपाशी मरेल, यासाठी होतं ते. ऐतखाऊ जन्मले की त्याच दिवशी मरायचे. मी त्यांना जगायची मोकळीक दिली."

"आणि कुप्या? दर पंधरवड्याला नवी कुपी?"

"तीही त्यासाठीच. मूळ बीजापासून फार लांब जाऊ द्यायचं नाही. आपण काय केलं? कुप्या नाहीत म्हटल्यावर प्रत्येक टाकीतलं एक कॅन काढून ठेवलं आणि पुढच्या टाकीला लावलं. त्यातलं पुढच्याला. घरी दह्याचं विरजण लावतात तसं."

गावातही त्याला विरजणच म्हणत. कोलंबोच्या कुप्यांना कुणी कधी विरजण म्हटलं नव्हतं. हे मात्र आपलं, मोकळं विरजण. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये किटल्यांतून, बरण्यांतून जायचं. एखाद्याची टाकी बिघडली तर तो शेजाऱ्याकडे जायचा आणि शेजारी द्यायचा. दारात आलेल्याला विरजणाला नाही म्हणू नये, हे प्रत्येकाच्या आईनं शिकवलेलं.

"पण दह्याचं विरजण पिढ्यान् पिढ्या चालतं की," इरफान हट्टानं म्हणाला. "माझ्या आजीच्या हातचं अजून आमच्या घरात आहे. त्यात नाही कधी ऐतखाऊ झाले."

"दह्यातला जिवाणू दूध आंबवतो ते स्वतःच्या पोटासाठी. आंबवणं बंद केलं तर तोच मरेल. आपल्यासाठी म्हणून तो काही करत नाही." तिनं खडू खाली ठेवला. "हा सूत कातायचा तो आपल्यासाठी. ही वेठबिगारी होती, आणि मी विरजणाचा हिशेब लावत बसले."

असली चूक कोलंबोत कुणी केली नसती, हेही तिला कळत होतं. ज्यांच्या घरात रात्री चमचाभर दही बाजूला काढून ठेवत नाहीत, त्यांना ही युक्ती सुचलीच नसती.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट ऐकू येत होती. ती थांबली की अण्णांना झोप लागत नसे, असं गावात म्हणत.

"मातृकुपी एकबी न्हाई शिल्लक?" त्यांनी विचारलं.

"तीन आहेत. फारकतीच्या आधीच्या, गोठवून ठेवलेल्या. आणि त्यांच्यापुरतं थोडं संजीवक."

"मग झालं तर. सोमवारी लाहोटीशेठला त्यांची टाकी दाखीव. भरभरून सूत येऊ दे. सह्या होतील, पैसा येईल, मग तू निवांत शोध उपाय. आज बोललीस तर काय हुईल ते तुला ठावं हाय. बाकीचे गुंतवणूकदार त्याच्या तोंडाकडं बघून आलेत. त्यानं पाय काढला की सगळे काढणार. पद्मा, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, अण्णा."

"उजाडू दे. पण सोमवारनंतर उजाडू दे."

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त मोह झाला. अण्णा लबाड नव्हते. पहिल्या पडझडीत त्यांनी एकाही कामगाराला घरी पाठवलं नव्हतं, आणि त्यासाठी राहतं घर विकलं होतं. शिवाय लाहोटीशेठलाही दोष देता येत नव्हता. फारकतीनंतर परदेशी भांडवल पळालं तेव्हा गावात थांबलेले ते एकटे सावकार होते. जकातीमुळे बाहेरचं सूत महाग झालं, नेजकरांच्या सुताला सोन्याचा भाव आला आणि मग गुळाला मुंगळे लागावेत तसे मुंबई-अहमदाबादचे गुंतवणूकदार लाहोटीच्या मागे उभे राहिले. त्यांना बंद दारांचा बाजार हवा होता. दारं बंद असली की आतल्या दुकानाचं भाडं वाढतं, असं लाहोटीच एकदा हसत म्हणाले होते.

"बघते," एवढंच म्हणून ती उठली.

पहिली मातृकुपी तिनं त्याच दिवशी फोडली. अर्धी एका धुऊन-उकळून काढलेल्या टाकीत टाकली, कारखान्याच्या शेडमध्ये, मागांशेजारी. उरलेली अर्धी प्रयोगशाळेत, काचेच्या बंद पेटीतल्या चंबूत. दोन्हीकडे संजीवक घातलं. पेशी त्याच, दावं तेच, अन्न तेच. फरक इतकाच की एकीला बाहेरची हवा लागत होती आणि दुसरीला नाही.

दोन दिवस शेडमधल्या टाकीनं असं सूत काढलं की अण्णा तिथून हलेनात. तिसऱ्या दिवशी रुळावरचा धागा बारीक झाला. चौथ्या दिवशी तबकडीवर पांढरे ठिपके उगवले.

"पण यांना तर दावं आहे," इरफान म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "हे ऐतखाऊ मेले पाहिजेत."

"हे यांच्यातले नाहीत. हे बाहेरून आले." पद्मजानं पेटीतल्या चंबूची तबकडी शेजारी ठेवली. ती सगळीच्या सगळी चमकत होती. "त्या खाऱ्या, कढत पाण्यात दुसरं काही जगत नाही, म्हणून आपण कधी दार लावलं नाही. आता एकच जीव असा आहे जो तिथं जगू शकतो आणि ज्याला संजीवक लागत नाही. याचाच भाऊ. मी मोकळा केलेला. ही भाऊबंदकी आहे इरफान, परकं कुणी आलेलं नाही."

"पण आले कुठून?"

तिनं मागावरून उचललेलं तूस चिमटीत धरलं. विणताना धाग्यातून कापसासारखा बारीक भुगा उडतो. मागवाल्यांच्या केसांवर, भुवयांवर, जेवणाच्या डब्यावर तो बसलेला असतो. तिनं ते खाऱ्या पाण्यात टाकून कढत ठेवलं. संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ झालं. सुकलेल्या पेशी तुसात निजून होत्या. ओल आणि ऊब मिळताच उठल्या. मागाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्या हवेत उडत होत्या, आणि गावात माग रात्रंदिवस चालत होते.

त्या रात्री तिनं भरतेशला फोन केला आणि काही न सांगताच ठेवला. सोमवारी सगळं सांगायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं. मोठेपणा मिरवायचा म्हणून नव्हे. तिच्यापाशी आता एक वाट होती, आणि ती वाट खोटं बोलून चालता आली नसती.

सोमवारी कंपनीच्या बैठकीच्या खोलीत लाहोटीशेठ, त्यांच्यासोबतचे चार गुंतवणूकदार आणि अण्णा बसले होते. बाहेर आवारात मागवाले जमले होते. पेढ्यांचे खोके आले होते. किशनदास लाहोटी हे साठीचे, बारीक बांध्याचे, तिसऱ्या पिढीचे इचलकरंजीकर. मराठी अशी बोलायचे की आडनाव सांगितल्याशिवाय कळू नये.

पद्मजानं काहीही झाकलं नाही. ऐतखाऊ, दावं, विरजण, तूस, सगळं सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. अण्णांनी एकदाच डोळे मिटले. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी समोरचा करारनामा हळूच बंद केला.

"म्हणजे खेळ खलास," एक जण म्हणाला.

"नाही. इथल्या टाक्या संपल्या, पण सूत संपलेलं नाही." ती म्हणाली. "समुद्रापलीकडे संघाच्या टाक्या अजून निर्मळ आहेत. त्यांचे जिवाणू दाव्याला बांधलेले आहेत, आणि हा मोकळा जीव तिकडे नाही. तुम्ही कारखान्यात घालणार होता तो पैसा दोन ठिकाणी घाला. एक, तिकडून तयार सूत आणायचं. जकात माफ करून घ्यायला सरकारपुढे जावं लागेल, नाक घासावं लागेल, घासू. दोन, त्या काळात इथं बंदिस्त खोल्या बांधायच्या आणि कोलंबोच्या कुप्यांवर पुन्हा सुरुवात करायची. नफा कमी होईल. पण माग एक दिवस थांबणार नाहीत. मला तेवढंच हवंय."

"फारकत घेतलेल्या घरी पुन्हा नांदायला जायचं," मुंबईच्या बाई म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसू देत. हसणाऱ्यांच्या घरी माग नाहीत," अण्णा म्हणाले, आणि पद्मजानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "आकडे मांडा. सूत आणून विणलं तर काय सुटतंय ते बघू."

आकडे मांडले गेले. सुटत होतं, थोडंच, पण सुटत होतं. खोलीतली हवा जरा सैल झाली. लाहोटीशेठ आकड्यांकडे बघतही नव्हते. त्यांच्या समोरचा चहा तसाच होता.

"डॉक्टरसाहेब," ते शेवटी म्हणाले, "तो मोकळा जीव तिकडे नाही, हे नक्की?"

"कसा असेल? इकडचा माल तिकडे जात नाही, माणसं जात नाहीत. फारकतीनंतर तिकडच्या शास्त्रज्ञांशी फोनवर बोलायचीही बंदी आहे."

"पैसा जातो," लाहोटी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी व्यापारी माणूस आहे. फारकत झाली तेव्हा देश टिकेल का बुडेल, कुणालाच माहीत नव्हतं. अर्धं इथं ठेवलं, अर्धं तिकडं नेलं. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात. माझ्या भाच्याच्या नावानं त्रिंकोमालीला टाक्या घेतल्या. तिकडे संजीवकाचा खर्च फार. आणि इथं तुमचं विरजण, फुकटात चालणारं." ते थांबले. "सहा महिन्यांपूर्वी एक कॅन चोरून पाठवलं. लोणच्याच्या बरण्यांतून."

"एकच कॅन?" पद्मजानं विचारलं.

"एकच. पण तिथल्या शेजारच्या कारखानदारांनी मागितलं. भाचा इथंच वाढलेला. विरजण मागितल्यावर नाही कसं म्हणणार?"

अण्णांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. इतका वेळ ते आकडे लिहीत होते.

पद्मजानं फोन उचलून स्पीकर चालू केला. बंदी होती, हे तिला आठवत होतं, पण आता बंदीला कोण विचारतो. कोलंबोच्या बीजपेढीच्या प्रमुख डॉ. नीलमिणी रत्नायके तिच्याबरोबर एकाच प्रयोगशाळेत शिकल्या होत्या. दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. फोन लागला आणि पद्मजानं तोंड उघडायच्या आत पलीकडून इंग्रजीत आवाज आला.

"पद्मजा, तुम्ही लोकांनी दावं तोडलं का?"

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं.

"हो," पद्मजा म्हणाली.

"मला आधी का नाही सांगितलंस? नाही, थांब, का ते मला माहीत आहे. मलाही तुला विचारता येत नव्हतं. दोन महिने मी अर्ज करत होते, इचलकरंजीला एक फोन करू द्या म्हणून. सूत तुटायला लागलं ते पूर्व किनाऱ्यापासून. मग दक्षिण. आता पलीकडच्या तीन देशांतून तक्रारी आहेत. आम्ही आमच्याच कुप्यांना दोष देत बसलो, सगळ्या तपासल्या. कुप्या निर्दोष आहेत."

"मग कुप्या दे, नीला. आम्हाला दे. कितीही भाव लाव."

"भाव?" रत्नायके हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "फुकट देते. हव्या तितक्या देते. फक्त ओतायच्या कुठल्या टाकीत, ते तू मला सांग. माझ्याकडे इथं एकही निर्मळ राहिली नाही."

मुंबईच्या बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. लाहोटीशेठ बसून राहिले. त्यांचं अर्धं इथं बुडलं होतं आणि अर्धं तिथं, आणि दोन्हींना एकाच कॅननं बुडवलं होतं. पद्मजाला त्यांचा संताप यायला हवा होता. तिला फक्त कीव आली, आणि स्वतःची शरम.

"नीला," ती म्हणाली, "तो तुसात निजतो. सुकला तरी मरत नाही. जोवर कुठंही तूस उडतंय तोवर शेडमधली उघडी टाकी निर्मळ राहणार नाही. इथं नाही आणि तिथंही नाही."

"म्हणजे दोन्हीकडचे सगळे एकाच वेळी थांबायला हवेत. आणि धुवायला हवेत. एक शेड जरी चालू राहिली..."

"हो."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही."

तिनं फोन ठेवला. अण्णा उठले होते. वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. पण दारापाशी ते तिच्यासाठी थांबले.

"चल," ते म्हणाले. "एकटीनं नको जाऊ. मी बी येतो."

बाहेर आवारात माणसं उभी होती. कुणीतरी खोक्यांच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली होती. पलीकडच्या गल्लीतून मागांची खटखट एका लयीत येत होती, आणि दुपारच्या उन्हात तूस तरंगत होतं. भरतेश गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शेडमधून तसाच धावत आला असावा.

"आक्का, झाल्या का सह्या?"

तिनं हात पुढे करून त्याच्या भुवईवरचं तूस पुसलं. बोटांना लागलेल्या त्या भुग्याकडे ती क्षणभर बघत राहिली.

"माग बंद कर, भरतेश," ती म्हणाली. "आधी माग बंद कर. सगळ्यांना करायला सांग. मग सांगते."